गळीत संपले, आता गाडीची पाळी



कारखान्याचे धुराडे थंड झाले की उसाच्या गावात एकदम शांतता पसरते. चार-साडेचार महिने ज्या रस्त्यावर रात्री दोन वाजतासुद्धा ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा आवाज थांबत नव्हता, तिथे आता सांडलेल्या उसाची वाळकी टिपरे तेवढी दिसतात. तोडकरी मंडळी आपापल्या गावी परतली. बैलांच्या खांद्यांना तेल-हळद लागली. आणि गाडी? बहुतेकांचा ट्रक किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली शेवटच्या खेपेहून आली तशीच लिंबाखाली उभी आहे. हौद्यात पाचट, चाकांच्या मध्ये अडकलेले दगड, बोनेटखाली बोटभर धूळ. बैलाला विसावा देणारा माणूस गाडीला मात्र विसरतो.

ही गाडी फार दिवस उभी राहणार नाही, हेही तुम्हांला ठाऊक आहे. कोणी कांदा भरून बाजार गाठेल, कोणी हळद नेईल, कोणी कोकणात उतरेल. ट्रॅक्टर नांगरटीला लागेल आणि ट्रॉली शेणखताला. म्हणजे हिवाळ्याचे काम संपले आणि उन्हाळ्याचे सुरू व्हायचे आहे, अशा मधल्या आठ-दहा दिवसांतच गाडी हाताशी सापडते. ते दिवस वाया घालवू नका, एवढ्यासाठीच आजचा लेख.

मुख्य गोष्ट अशी, की थंडी गाडीचे दोष झाकते आणि ऊन ते उघडे करते. जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश तापमान असताना निम्मा गाळाने भरलेला रेडिएटरसुद्धा इंजिन थंड ठेवतो. कमी हवेचा टायरही थंड डांबरावरून निभावून नेतो. तीच गाडी एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशांत माल भरून निघते तेव्हा डांबर साठ अंशांपर्यंत तापलेले असते. मग आपण म्हणतो, "काल तर चांगली होती!" काल ती चांगली नव्हती, फक्त हवा थंड होती.

पहिले काम धुण्याचे. बर्फाच्या देशांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते मीठ गाडीचा तळ खाते, म्हणून तिकडचे ट्रकवाले वसंत लागताच आधी गाडीचे पोट धुतात. आपल्याकडे मिठाचे काम उसाचा रस करतो. रस चिकट असतो, त्यावर माती बसते, तो आंबतो आणि त्या आंबटपणाने पत्रा व चॅसी गंजू लागते. वरून पाणी मारून हे निघत नाही. हौदा पूर्ण रिकामा करा, फळ्या निघत असतील तर काढा आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून धुवा. पाटे, यू बोल्ट, आडव्या चॅनेलच्या खाचा, मडगार्डच्या आतली बाजू इथे पाचटाचा आणि मातीचा लगदा बसलेला असतो. पाचट फक्त गंजच आणते असे नाही. सायलेन्सरजवळ किंवा वायरींवर साठलेले वाळके पाचट उन्हाळ्यात पेट घेऊ शकते. व्हील बेअरिंग, वायरींची जोडणी आणि डायनॅमो यांच्यावर मात्र जोराचा फवारा मारू नका. धुऊन झाल्यावर, पाणी निथळले की प्रत्येक ग्रीस निपलमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस आणि ट्रॉलीची हिच विसरू नका.

स्वच्छ गाडीत तडे दिसतात, हा धुण्याचा दुसरा फायदा. हंगामात किती टन ठरले होते आणि किती टन भरले, हे तुमचे तुम्हांला माहीत. चॅसीवर, ड्रॉबारच्या मुळाशी, पाट्याच्या ब्रॅकेटपाशी गंजाची बारीक तांबूस रेघ दिसली तर तो बहुधा तडा असतो. खडूने खूण करा आणि जाणत्या कारागिराला दाखवा. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून चॅसीवर उभे टाके मारून घेणे म्हणजे फाटक्या धोतराला कागदाचे ठिगळ. वेल्डिंग करायचेच असेल तर आधी बॅटरीची वायर काढा. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पेट्या असतात, त्यांची जोडणीही काढायला सांगा. नाहीतर शंभर रुपयांच्या वेल्डिंगपायी हजारोंची पेटी जळते.

आता रेडिएटर. पुढची जाळी उजेडासमोर धरल्यासारखी पाहा. पाकळ्यांमध्ये पाचटाचा भुसा, किडे आणि धूळ यांचा थर असेल. पाणी किंवा हवा हलक्या दाबाने इंजिनच्या बाजूने पुढे अशी मारा. पुढून मारली तर घाण आणखी आत जाते. जोर केला तर पाकळ्या वाकतात. रेडिएटरमध्ये आपण काय भरतो हाही प्रश्न आहे. हंगामात घाईने विहिरीचे, कॅनॉलचे, मिळेल ते पाणी ओतलेले असते. आपल्या भागातले पाणी जड असते. घरच्या पाणी तापवण्याच्या बंबात जसा पांढरा थर धरतो तसाच इंजिनाच्या आत धरतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. जुने पाणी सोडून द्या, स्वच्छ पाण्याने खळखळून काढा आणि कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट भरा. कूलंट थंड मुलखासाठी असते, आपल्याला काय करायचे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण कूलंटमुळे पाणी उकळण्याचा बिंदू वर जातो आणि आतून गंज धरत नाही. आपल्याला ते उन्हाळ्यासाठीच हवे.

होज पाइप दाबून पाहा. लिबलिबीत झाला असेल किंवा चिरा पडल्या असतील तर बदला. फॅन बेल्टवर मध्ये अंगठ्याने दाबले तर साधारण अर्धा इंच दबावा. झाकणाचे रबर तपासा, कारण झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळते. आणि तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नका. वाफेने तोंड भाजलेली माणसे आमच्याकडच्या गॅरेजांत सगळ्यांनी पाहिली आहेत.

टायरबद्दल थोडे सविस्तर बोलू, कारण उन्हाळ्यात पैसा आणि जीव दोन्ही इथे जातात. टायर जास्त हवेने फुटतो, म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असा एक समज गावोगाव आहे. तो घातक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि उठते. तार वारंवार वाकवली की ती हाताला गरम लागते, तसाच टायर आतून तापतो, त्याचे थर सुटतात आणि मग तो फुटतो. हवा कंपनीने त्या वजनासाठी सांगितली असेल तेवढीच असावी. ती सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. उदाहरणादाखल ११० पौंड हवेचा टायर धरा. तापमान १० अंशांनी वाढले की त्यातला दाब साधारण चार पौंडांनी वाढतो. जानेवारीच्या १२ अंशांच्या पहाटे भरलेली हवा मार्चअखेरच्या २६ अंशांच्या सकाळी पाच-सहा पौंडांनी जास्त दिसेल. सकाळी थंड टायरमध्ये ती ठरल्यापेक्षा जास्त असेल तर नीट करा. पण दुपारी पळून आलेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसली म्हणून सोडू नका. ती वाढणारच, आणि टायर ती वाढ धरूनच बनवलेला असतो. दुपारी हवा सोडलेली गाडी संध्याकाळी कमी हवेवर धावते.

मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा कोणी बघत नाही, कारण हात पोचत नाही. आतला टायर बसला की सगळे वजन बाहेरच्यावर येते आणि दोघांचीही वाट लागते. लांब नळीचा गेज घ्या. दोन्ही टायर सारख्या झिजेचे लावा. नवा आणि गुळगुळीत अशी जोडी लावली तर मोठ्या गोलाईचा टायर जास्त ओझे घेतो. दोघांत अडकलेला दगड आजच काढा. रिमोल्ड टायर वाईट नसतात, पण पुढच्या चाकाला लावू नका आणि उन्हाळ्यात लांब खेपेला भरवशाचा टायरच घाला. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये उंचवटे असतात. झीज तिथपर्यंत आली की टायर संपला, मग बाहेरून तो कितीही चांगला दिसो.

एक धोक्याची सूचना. जुन्या पद्धतीच्या डिस्कला टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग असते. हवा भरताना ती नीट बसलेली नसेल तर गोळीसारखी उडते. पंक्चरच्या दुकानात हवा भरताना पुढ्यात उकिडवे बसू नका आणि पोरांना तर जवळ फिरकूही देऊ नका. लांब नळीने, बाजूला उभे राहून किंवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरणारा दुकानदार शोधा. तो पाच रुपये जास्त घेत असेल तर द्या.

बॅटरी, डिझेल आणि हवेची गाळणी ही कामे तुम्ही स्वतः तासाभरात करू शकता. उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते. उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी पाहा आणि प्लेटा बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटरच घाला. गावातल्या फिल्टरचे जारचे पाणी हे डिस्टिल्ड वॉटर नव्हे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. वायर काढताना आधी उणे बाजूची काढा, लावताना ती शेवटी लावा. हिवाळ्यात रात्री टाकी अर्धवट ठेवली असेल तर आत दव धरून तळाशी पाणी साठलेले असते, ते डिझेल फिल्टरच्या खालच्या बोल्टमधून काढा. हवेची कागदी गाळणी धुवायची नसते आणि टायरवर आपटायचीही नसते. आपटल्याने धूळ पडते हे खरे, पण कागदही फाटतो आणि मग धूळ थेट इंजिनात जाते. तेलाची गाळणी असेल तर तळातला गाळ काढून नवे तेल खुणेपर्यंत घाला, खुणेच्या वर नको.

आता एक गोष्ट, जी शेतीखात्याचा माणूस म्हणून मला सांगितलीच पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या नव्या ट्रकना बी. एस. सहा हा नियम लागू आहे. त्यांतल्या बऱ्याच ट्रकना डिझेलशिवाय आणखी एक द्रव लागतो. त्याला डी. ई. एफ. म्हणतात. त्यात साधारण एक भाग शुद्ध युरिया आणि दोन भाग क्षारमुक्त पाणी असते. हे कळल्यावर काही हुशार मंडळींनी घरातल्या खताच्या पोत्याकडे पाहिले! कृपा करून तसे करू नका. २०१५ पासून देशातला खताचा युरिया कडुनिंबाचे तेल लावून येतो. शिवाय त्यात बाययुरेट आणि इतर अशुद्ध घटक असतात. ते धुराच्या नळीतल्या महागड्या यंत्रणेत जाऊन बसतात आणि ती कायमची निकामी होते. गाडीची ताकद कमी होते, दिवा लागतो आणि दुरुस्तीच्या बिलात एका एकराचे उत्पन्न जाते. आणि सवलतीचे खत पिकासाठी आहे, दुसरीकडे वापरणे हा गुन्हा आहे, हे वेगळेच. डी. ई. एफ.चा डबा शीलबंद घ्या, त्यावरची तारीख पाहा आणि सावलीत ठेवा. तीस अंशांवर ते लवकर खराब होते. केबिनवर उन्हात बांधलेला डबा उन्हाळा काढणार नाही.

आता ब्रेक. माझ्या मते पैसा एकाच कामाला पुरणार असेल तर तो इथे घाला. ट्रकच्या हवेच्या टाक्यांत थंडीत पाणी धरते. खालचा कॉक उघडून ते रोज सोडायचे असते, पण हंगामात रोज कोण सोडतो! आता सोडा. पाण्याबरोबर काळे तेल आले तर कॉम्प्रेसर तपासून घ्या. हवा पूर्ण भरली की इंजिन बंद करा, रेडिओ बंद करा आणि दहा मिनिटे काट्याकडे पाहत कान देऊन ऐका. काटा खाली येत असेल किंवा सूं आवाज येत असेल तर गळती आहे. ड्रम उतरवून लायनर पाहा. हंगामात गाडी भरलेली पण सपाटीवर, हळू चालली. आता तीच आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरणार आहे. घाटात ब्रेक तापले की धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारा ड्रायव्हर कितीही जुना असो, त्याला घरची माणसे आहेत याची आठवण करून द्या.

ट्रॅक्टरवाल्यांनी तर जास्तच लक्ष द्यावे. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. नांगरताना वळण्यासाठी ते सुटे ठेवतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. उन्हाळ्यात सकाळी नांगरट आणि दुपारी ट्रॉली असे काम चालते, तेव्हा पट्टी लावायची राहते. मग वेगात एकाच पेडलवर पाय पडतो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटतो. ट्रॉलीला मुळात ब्रेक आहे का, हेही पाहा. असला तर चालतो का? उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. दोन ट्रॉल्या असतील तर दुप्पट. हिचची पिन झिजून बारीक झाली असेल तर बदला, तिला खालून खिट्टी घाला आणि सोबत एक साखळी जोडा.

यावरून एक कडू गोष्ट बोलतो. उसाचा हंगाम संपतो आणि लग्नसराई सुरू होते. चैत्रात जोतिबाची, शिखर शिंगणापूरची यात्रा असते. ज्या ट्रॉलीत आठवड्यापूर्वी ऊस होता, तिच्यात सतरंजी अंथरून वऱ्हाड बसते. बायका, पोरे, म्हातारी माणसे. ट्रॉली माल वाहण्यासाठी असते. तिला धरायला कठडा नाही, तोल सांभाळणारे पाटे बहुतेकींना नसतात, आणि ब्रेकचे वर सांगितलेच. ती उलटली तर माणसे तिच्याखाली जातात. अशा गाडीत माणसे नेणे कायद्याविरुद्ध आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, भगिनींनो, तुम्ही मनावर घेतले तर हे थांबेल. वऱ्हाडासाठी एस. टी. किंवा जीप ठरवा. मानपानातले दोन आहेर कमी करा, खर्च निघेल. आणि ट्रॉलीत बसायला कोणी बोलावले तर सरळ नाही म्हणा. पाहुणे रुसतील. रुसलेले पाहुणे परत येतात.

मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या हे सगळ्यांत स्वस्त काम, म्हणूनच ते राहते. रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते, आणि बऱ्याचदा ती आपल्याच गावच्या पोराची असते. गाडी बंद करून, चाकाला उटी लावून, एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने मागे बाजूला उभे राहून दिवे सांगावेत. हंगामात हौद्याबाहेर आलेल्या उसाने पट्ट्या खरवडून गेलेल्या असतात. लाल मागे, पांढरी पुढे, पिवळी बाजूला, अशा नव्या चिकटवा. बंद पडलेल्या गाडीमागे ठेवायचा लाल त्रिकोण घ्या. झाडाची फांदी आणि दगड ठेवून भागवू नका. दगड तिथेच राहतात आणि पुढच्याला मारतात. योग्यता प्रमाणपत्र आणि विम्याची तारीखही याच वेळी पाहून ठेवा. ट्रक आठ वर्षांपेक्षा जुना असेल तर हे प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावे लागते.

पैशाचे काय, असे तुम्ही म्हणाल. कारखान्याकडून वाहतुकीचे बिल येते ते उचल कापून येते. मुकादमाकडे अडकलेले वेगळे, बँकेचा हप्ता वेगळा, आणि पोळ्यापासून पुढच्या टोळीची जुळवाजुळव आहेच. म्हणून हिशेबाची वही घरातल्या बाईकडे असावी असे माझे मत आहे. बिल आले की त्याच दिवशी गाडीचे पैसे बाजूला काढा. आधी ब्रेक, मग टायर, मग रेडिएटर आणि दिवे. रंग, झालर, पुढे-मागे पोरांची नावे, हे सगळ्यांत शेवटी. मी तर उलटेच पाहतो. रंगारी आधी येतो आणि मिस्त्रीची वेळ येईपर्यंत पैसे संपतात.

मिस्त्रीकडे काम टाकल्यावर "सगळे बघून घे" एवढे सांगून निघून येऊ नका. काय काय करायचे ते कागदावर लिहून द्या, आणि बदललेला जुना भाग परत मागा. चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.

चाके उतरवून पुन्हा बसवली असतील तर आणखी एक काम उरते. पहिल्या खेपेला साधारण पन्नास किलोमीटर गेल्यावर सावलीत गाडी उभी करा आणि सगळ्या चाकांच्या नटांना पुन्हा पाना लावून पाहा. नव्याने बसवलेले नट थोडे सैल होतातच. त्याच वेळी ड्रमजवळ हात न्या, स्पर्श करू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेले वाटले तर तिथला ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले आहे. तेवढे नीट करून मग पुढे निघा.